एका प्रतीचा भरवसा



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. त्यांनी आपल्याला इतिहास सांगितला, तत्त्वज्ञान सांगितले, देशोदेशीच्या गोष्टी सांगितल्या. आम्ही पंडित नव्हे. आम्ही पुस्तके छापतो आणि जमतील तेवढी विकतो. अशा माणसाने आपल्यापुढे काय मांडावे? व्यापाऱ्याने फार तर हिशेब मांडावा. म्हणून आज आम्ही एक हिशेबच घेऊन आलो आहोत, आणि तो तोट्याचा आहे हे आरंभीच सांगून टाकतो. फायद्याचे हिशेब लोक चारचौघांत मोठ्याने वाचतात. तोट्याचे घरात झाकून ठेवतात. पण आमच्या अनुभवाने, दुसऱ्याच्या उपयोगी पडतो तो तोट्याचाच हिशेब.

आम्ही म्हणजे कोण, हे दोन शब्दांत सांगतो. दोघे भाऊ, आमची थोरली वहिनी, संगणकावर अक्षरजुळणी करणारी एक मुलगी आणि वडिलांच्या वेळेपासून मुद्रिते तपासणारे एक वृद्ध गृहस्थ, एवढेच आमचे प्रकाशन. वडिलांनी १९५८ साली पायाने चालवायचे एक ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांच्या काही केसा एवढ्या भांडवलावर छापखाना घातला. लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके छापता छापता ते पुस्तकांकडे वळले.

खिळ्यांच्या छपाईत एक गोष्ट अशी होती, की यंत्रावर कसलाच भरवसा ठेवता येत नसे. खिळे थोडे असत. एक फर्मा छापून झाला की तो सोडायचा आणि खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, तेव्हा पुढचा फर्मा जुळवता येई. म्हणजे पुस्तक बांधून बाहेर पडेपर्यंत छापखान्यात त्याची खूणही शिल्लक राहत नसे. पुस्तक कोठे आहे? तर जे कागदावर छापले आणि लोकांच्या घरी गेले, तेथे. वडिलांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून ते प्रत्येक पुस्तकाच्या पाच प्रती एका लाकडी कपाटात कुलपाखाली ठेवीत, आणि कितीही मोठे गिऱ्हाईक आले तरी त्यांतली एकही विकत नसत. शिवाय प्रत्येक नव्या पुस्तकाच्या चार प्रती टपालाने बाहेर पाठवीत आणि पोचपावत्या एका तारेत ओवून ठेवीत. त्या कोठे पाठवीत, ते पुढे सांगू.

१९९४ साली आमच्याकडे संगणक आला. त्याच्यासंबंधी आम्ही कृतघ्न होणार नाही. ज्या पुस्तकाला तीन महिने लागत ते तीन आठवड्यांत होऊ लागले. चूक सापडली तर सबंध ओळ पुन्हा जुळवण्याची यातायात संपली. आणि सर्वांत मोठे सुख हे, की जुळणी मोडावी लागत नसे! छापून झाले तरी पुस्तक संगणकात जसेच्या तसे राही. या सुखाने आमची बुद्धी हळूहळू मंद केली. 'फाइल आहेच' हे दोन शब्द आमच्या घरात मंत्रासारखे झाले. कपाटातल्या पाच प्रतींची मग गरज काय? फाइल आहेच. आम्ही त्या विकू लागलो. बाहेर चार प्रती पाठवण्याचा टपालखर्च कशाला? फाइल आहेच. तोही आम्ही बंद केला.

आता आपण विचाराल, की संगणकातल्या कामाची दुसरी नक्कल तुम्ही ठेवीत नव्हता काय? ठेवीत होतो. इतके काही आम्ही अडाणी नव्हतो. २०११ साली एक वेगळी डिस्क विकत घेऊन संगणकाशेजारी बसवली होती. रोज रात्री नऊ वाजता सारे काम तिच्यावर आपोआप उतरावे, अशी योजना होती. सकाळी पडद्यावर 'काम पूर्ण झाले' अशा अर्थाची एक ओळ दिसे. ती वाचून आम्ही चहा घेत असू.

२०१७ सालच्या मे महिन्यात एका दुपारी वळीव आला. आपल्याकडचा वळीव कसा येतो, हे आपल्याला सांगायला नको. जवळच कोठेतरी वीज पडली, दिवे गेले आणि संगणकातून जळका वास आला. दिवे परत आले, पण संगणक आला नाही.

येथे आमच्या हातून पहिली चूक झाली. आम्ही तो पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिला. दुसऱ्या यंत्रात डिस्क घालून पाहिली, काढून पाहिली, वहिनी नको म्हणत असता हलवूनही पाहिली. डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला हजारो फेरे घेतात, आणि वाचणारी सुई तबकडीला न टेकता केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून तरंगत जाते. ती सुई एकदा का तबकडीला घासली, की जेथे जेथे घासते तेथला मजकूर खरवडून निघतो. आम्ही दर वेळी कळ दाबली, तेव्हा आत हेच चालले होते. कुरकुर आवाज येत होता आणि आम्ही म्हणत होतो, 'ऐका, अजून जीव आहे!' बिघडलेली डिस्क ताबडतोब बंद करून जाणत्याच्या हाती द्यावी, हे शहाणपण आम्हाला फार महाग पडले.

तरीही आम्ही घाबरलो नव्हतो, कारण शेजारची डिस्क शाबूत होती. ती उघडली, आणि मग मात्र आमच्या पायांखालची जमीन सरकली. २०१३ साली आम्ही संगणकात एक मोठी नवी डिस्क बसवली होती आणि नवे सारे काम तिच्यावर करीत होतो. पण रोज रात्री नक्कल करणाऱ्या योजनेला हे कोणी सांगितलेच नव्हते. ती बिचारी चार वर्षे दर रात्री २०१३ पूर्वीची जुनीच फडताळे तपासत होती, त्यांत काही बदल नाही असे पाहत होती आणि सकाळी 'काम पूर्ण झाले' म्हणत होती. ती खोटे बोलत नव्हती. तिला नेमून दिलेले काम खरोखरच पूर्ण होत होते! चार वर्षांत एकदाही, त्या डिस्कवरून एखादे पुस्तक उघडून तर पाहू, असे आमच्या मनात आले नाही.

हा वेंधळेपणा केवळ आमच्यासारख्या गावठी माणसांचा असता, तर आम्ही तो आपल्यापुढे मांडला नसता. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियात पिक्सार नावाची चित्रपटसंस्था आहे. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता १९९८ साली कोणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेने त्या चित्रपटाचे बहुतेक काम संगणकातून पुसले जाऊ लागले. नक्कल ठेवण्याची व्यवस्था त्यांच्याकडे होतीच. पण ऐन वेळी कळले, की ती व्यवस्था नीट चालतच नव्हती. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. घरी तान्हे मूल असल्यामुळे त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारीतून जपून आणला गेला. एवढ्या मोठ्या संस्थेचे काम शेवटी वाचले ते दुसऱ्या घरात असलेल्या एका प्रतीने, हे ध्यानात ठेवा. त्याचा आपल्याला पुढे उपयोग आहे.

आता आमचे काय गेले ते सांगतो. येणे-देणे गेले. लेखकांच्या मानधनाचे हिशेब गेले. छापून झालेली पुस्तके गेली. पण ती निदान कोठेतरी कागदावर होती. जे कागदावर कोठेच नव्हते असे एकच काम होते, आणि ते सर्वांत मोलाचे होते.

आम्हा दोघा भावांना चौथीत ज्यांनी शिकवले त्या बाई निवृत्त झाल्यावर कृष्णाकाठच्या खेड्यांतून हिंडून शब्द गोळा करीत असत. शेतीचे, स्वयंपाकघरातले, सुतार-लोहार-कुंभार यांच्या धंद्यांतले शब्द. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आपल्याकडे आहे. त्यांत पुष्कळ शब्द सापडतात. पण बाईंचा आग्रह निराळा होता. शब्द कोणी सांगितला, कोणत्या गावात, तो माणूस तो कसा वापरतो, शेजारच्या गावात त्याच वस्तूला काय म्हणतात, हे सारे त्या टिपून घेत. मोट आता राहिली नाही. मोट गेली तसा नाडा गेला, सोंदूर गेला, बैल उतरत ती धाव गेली, पाणी पडे ते थारोळे गेले. मोट हाकलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बाईंना दोन दिवस बसवून एकेक भाग समजावून दिला होता. तो गृहस्थ २०१४ साली वारला.

पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर असे पाच हजारांच्या आसपास शब्द, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत अकारविल्हे लावलेले! आम्ही ते संगणकावर चढवले. २०१५ साली बाई मुलाकडे लहान जागेत राहायला गेल्या, तेव्हा डब्यांचा प्रश्न आला. त्या वेळी आम्हीच त्यांना म्हणालो, "बाई, आता या चिठ्ठ्या ठेवून काय करता? सगळे संगणकात आहे." बाईंनी आमच्यावर विश्वास ठेवला आणि चिठ्ठ्या रद्दीत घातल्या.

श्रोतेहो, या साऱ्या हिशेबात हीच एक रकम अशी आहे, की तिला दुसरी बाजू नाही. वीज पडणे हा योग होता. डिस्क घासणे हे अज्ञान होते. पण ते एक वाक्य आमचे होते.

बाईंना सांगायला आम्ही आठ दिवस लावले. शेवटी दोघेही गेलो. बाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी सारे ऐकून घेतले. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, तुम्ही दोघे चौथीत वही हरवली म्हणून सांगायला यायचा, तेव्हाही असेच उभे राहायचा. बसा आधी." आणि चहा झाल्यावर म्हणाल्या, "काय काय राहिले आहे ते आधी मोजा. गेलेल्याची यादी मागाहून करू."

त्या वाक्याने आम्ही कामाला लागलो. डिस्क आम्ही मुंबईला, अशी दुरुस्ती करणाऱ्यांकडे पाठवली. तेथे धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडून, जे खरवडले गेले नाही तेवढे वाचून काढतात. दोन महिन्यांनी सुमारे तिसरा हिस्सा परत आला. पण कसा? फायलींची नावे नाहीशी झाली होती, नुसते आकडे. हजारो फायली एकेक उघडून, ही कोणाची, ती कशाची, असे वहिनी आणि ती मुलगी चार महिने पाहत होत्या. त्यात कोशाचा अ पासून प पर्यंतचा भाग सापडला. फ पासून ह पर्यंत काही नाही.

दुसरे संकट आम्हाला मुळीच अपेक्षित नव्हते. शेजारच्या डिस्कवर २०१३ पूर्वीची पुस्तके शाबूत होती ना? ती नव्या संगणकावर उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा! त्याचे कारण असे. पूर्वी मराठी छपाईचे जे फॉन्ट होते, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. संगणकाला वाटे आपण इंग्रजी साठवतो आहोत. फॉन्टचा चष्मा लावला की ते मराठी दिसे. प्रत्येक कंपनीचा चष्मा निराळा. आमचा चष्मा चालायला संगणकाच्या पाठीमागे एक लहानशी किल्ली लावावी लागे, आणि ती त्या विजेत जळून गेली होती. ज्या पेजमेकरमध्ये आम्ही पाने लावीत असू, त्याचीही नवी आवृत्ती निघणे कधीच बंद झाले होते.

आपल्या घरी आजोबांच्या वेळचे मोडीतले कागद असतात. कागद धड असतो, शाई धड असते, पण घरात मोडी वाचणारा कोणी नसतो. अगदी तशीच आमची गत झाली. मोडी मागे पडायला कितीतरी पिढ्या लागल्या. आमचे अक्षर वीस वर्षांत मोडी झाले! आता युनिकोड या पद्धतीने जगातल्या लिप्यांच्या एकेका अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. कोणत्याही कंपनीचा संगणक असो, २३२५ म्हणजे 'क'च. तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टांतले लेखन पडून असेल, त्यांनी ते आजच युनिकोडमध्ये करून घ्यावे, असे आम्ही हात जोडून सांगतो. त्यासाठी साधने मिळतात. मात्र ती रफार आणि जोडाक्षरे यांत घोटाळे करतात, म्हणून एकेक ओळ माणसाने वाचावी लागते. आम्हीही ती तशीच वाचली.

यंत्राकडून जे मिळायचे ते येथे संपले. यापुढे जे मिळाले ते माणसांकडून मिळाले.

आधी हिशेबाचे सांगतो. आमचे कोणाकडे किती येणे आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही साऱ्या पुस्तकविक्रेत्यांना पत्र लिहिले, की आमच्या वह्या गेल्या, आपल्या वहीप्रमाणे आमचे जे निघत असेल ते कळवावे. धंद्यातल्या मित्रांनी आम्हाला वेड्यात काढले. 'कर्जदारालाच कर्ज किती ते विचारता?' असे म्हणाले. पण एक-दोन अपवाद सोडता सर्वांची उत्तरे आली. एकाने तर आम्हाला आठवतही नसलेली बारा वर्षांपूर्वीची बाकी कळवली. आमचा हिशेब दुसऱ्यांच्या वह्यांत सुखरूप होता.

पुस्तकांचेही तसेच झाले. अकरा जुनी पुस्तके अशी निघाली, की त्यांची एकही प्रत आमच्या घरात नव्हती. तेव्हा वडिलांच्या त्या तारेत ओवलेल्या पोचपावत्या आम्हाला आठवल्या. १९५४ साली आपल्या देशात एक कायदा झाला. प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत स्वखर्चाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, मद्रास व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांच्या आत पाठवावी, असा तो कायदा आहे. आजही तो लागू आहे. आम्हाला तो सरकारी जाच वाटे. वडील मात्र न चुकता पाठवीत. त्या अकरांपैकी सात पुस्तके वडिलांच्या हातची होती, आणि ती सातही एका ग्रंथालयात मिळाली. उरलेली चार आमच्या कारकिर्दीतली. ती आम्ही पाठवलीच नव्हती. त्यांतली दोन तालुक्याच्या वाचनालयात मिळाली, एक बाइंडरच्या माळ्यावर आणि एक अशा वाचकाकडे, की ज्यांनी समासात सगळ्या छापील चुका शाईने दुरुस्त करून ठेवल्या होत्या! ती प्रत त्यांनी आम्हाला जरा संकोचानेच दिली.

हे सारे पाहत असता, आपण जी गोष्ट नव्याने शिकतो आहोत ती आपल्या भाषेला फार जुनी ठाऊक आहे, असे आमच्या लक्षात येऊ लागले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस तो ग्रंथ सिद्ध केला. महानुभाव परंपरा सांगते, की पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना ज्यांना तो पाठ होता त्यांनी आठवून आठवून तो पुन्हा लिहिला, आणि म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आज आपल्याला दिसतात. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, हे आपण सारे जाणतो. त्या चमत्काराविषयी ज्याची जी श्रद्धा असेल ती असो. पण वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या ओठांवर होते, एवढे तर कोणीही मान्य करील. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली ती कशावरून? व्यासांच्या हातची पोथी कोणाकडे होती? काश्मीरपासून केरळपर्यंत नकलाकारांनी केलेल्या शेकडो पोथ्या जमवून, एकीशी दुसरी ताडून, १९१९ पासून १९६६ पर्यंत पंडितांच्या दोन पिढ्यांनी तो पाठ सिद्ध केला. मूळ एकही हाती नसता केवळ नकलांच्या बळावर एवढा ग्रंथ उभा राहिला.

आपली समजूत अशी असते, की मौल्यवान वस्तू कुलपात ठेवली म्हणजे राहते. सोन्याचे तसे असेल. अक्षराचे नेमके उलट आहे. जे एका ठिकाणी जपून ठेवले ते जाते, जे दहा ठिकाणी वाटले ते राहते.

आता बाईंच्या कोशाकडे येतो. आमच्या वृद्ध मुद्रितशोधकांकडे पहिली मुद्रिते होती, पण ती द पर्यंतचीच. फ पासून पुढे सारे कोरे. बाईंनी एक युक्ती सुचवली. दाते-कर्व्यांचा कोश फ पासून आम्ही मोठ्याने वाचायचा. बाई डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "हा होता. हा नव्हता. हा होता, पण आपल्याकडे ह्रस्व." अशी तीन महिन्यांत शब्दांची यादी उभी राहिली. पण यादी वाढली तशी बाई अस्वस्थ झाल्या. एके दिवशी म्हणाल्या, "शब्द आठवतात रे, पण कोणी सांगितला ते आठवत नाही. साक्षीदारावाचून शब्द म्हणजे नुसती अफवा."

मग पुढचे दोन हिवाळे बाई आमच्याबरोबर पुन्हा त्या गावांना हिंडल्या. कित्येक घरांत ज्यांनी शब्द सांगितले त्यांच्या तसबिरी भिंतीवर लागल्या होत्या. कोठे सुनेला सासूचा शब्द ठाऊक होता, कोठे नव्हता. मोटेचे भाग सांगणारा दुसरा एक गृहस्थ त्याच गावात भेटला. त्याने धाव आणि थारोळे नीट सांगितले. पण बैल उतरतीला लागले की कोणती हाक द्यायची आणि वर येताना कोणती, हे पहिल्या म्हाताऱ्याने बाईंना म्हणून दाखवले होते, ते त्याला येत नव्हते. ते गेले. ते आमच्याकडून गेले.

कोश डिसेंबर २०१९ मध्ये निघाला. ज्या शब्दांची माहिती पुन्हा मिळाली नाही असे एकशे त्रेचाळीस शब्द राहिले. ते गाळावेत, म्हणजे कोणाच्या लक्षातही येणार नाही, असे एका मित्राने सुचवले. बाईंना ते मान्य नव्हते. "शब्द छापा, पुढची जागा कोरी ठेवा, आणि माहिती हरवली असे लिहा," त्या म्हणाल्या. आम्ही त्यात एका शब्दाची भर घातली. त्या प्रत्येक शब्दापुढे आज असे छापलेले आहे: 'माहिती प्रकाशकाकडून हरवली.'

आता आम्ही काय करतो, ते थोडक्यात सांगून संपवतो. कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आज मुलाबाळांची छायाचित्रे आहेत, घराचे कागद आहेत, आईचा आवाज आहे, आणि बहुतेकांकडे त्याची तीच एक प्रत आहे. जाणती माणसे सांगतात तो नियम सोपा आहे. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. आमची तिसरी प्रत आता दर महिन्याला कोल्हापूरला मेव्हण्यांकडे जाते. या नियमाला आम्ही आमच्या खर्चाने विकत घेतलेली दोन कलमे जोडतो. पहिले असे, की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या प्रतीतून कोणते तरी एक पुस्तक उघडून वहिनी दहा पाने वाचतात. उघडून पाहिली नाही ती प्रत नव्हेच. दुसरे असे, की नवे पुस्तक निघाले की वडिलांप्रमाणे चार प्रती टपालात पडतात आणि पाच कपाटात जातात. कपाटाची किल्ली वहिनींकडे आहे, आमच्याकडे नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. कोश निघाल्यावर पत्रे येऊ लागली. कोणी एका कोऱ्या जागेसाठी आजीकडून माहिती विचारून पाठवली, कोणी गावच्या सुताराकडून. प्रत्येक पत्रात शब्द सांगणाऱ्याचे नाव आणि गाव असावे, अशी बाईंची अट आहे. आजपर्यंत एकशे त्रेचाळीसपैकी एक्कावन्न जागा भरल्या. ब्याण्णव उरल्या.

त्या ब्याण्णव शब्दांची यादी आम्ही छापून आणली आहे आणि बाहेर दाराशी टेबलावर ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने एक न्यावी. घरी कोणी थोरले माणूस असेल, तर आज जेवणानंतर त्यांना ती वाचून दाखवावी. एखादा शब्द त्यांना ओळखीचा निघाला, तर पोस्टकार्ड लिहावे. आणि ओळखीचा निघाला नाही, तरी कागद टाकून देऊ नये. तीही एक प्रत आहे.